संगणकीय खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड आणि रिझोल्यूशनची निवड

वैयक्तिक संगणकावरील त्रिमितीय खेळ किती स्पष्ट आणि किती सलग दिसेल, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरील चित्र किती बिंदूंचे बनलेले आहे, अर्थात त्याचे रिझोल्यूशन. आणि दुसरी म्हणजे ते बिंदू रंगविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची क्षमता. रिझोल्यूशन वाढले की चित्र अधिक रेखीव होते, परंतु कार्डावरील कामही वाढते. यामुळे मॉनिटर आणि कार्ड यांची निवड परस्परांच्या संदर्भातच करावी लागते. दुबळ्या कार्डाला मोठ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर जोडल्यास खेळ अडखळतो. बलवान कार्डाला लहान रिझोल्यूशनचा मॉनिटर जोडल्यास कार्डासाठी मोजलेल्या पैशांचा मोठा भाग वाया जातो.

अमरावती, अकोला आणि एकूणच वऱ्हाडात या निवडीला आणखी काही बाजू आहेत. येथील कडक उन्हाळा, कूलरचा सर्रास वापर, हवेतील धूळ आणि वीजपुरवठ्यातील चढउतार यांचा कार्डाच्या कामगिरीवर आणि आयुष्यावर परिणाम होतो. प्रस्तुत लेखात निवडीची सर्वसाधारण तत्त्वे आणि या प्रदेशातील परिस्थिती अशा दोन्हींचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

संगणकाचा मुख्य प्रोसेसर निरनिराळ्या प्रकारची कामे एकापाठोपाठ एक अतिशय वेगाने करण्यासाठी घडविलेला असतो. पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम मात्र वेगळ्या स्वरूपाचे आहे. त्यात एकच प्रकारचे गणित लक्षावधी बिंदूंसाठी करावे लागते आणि बहुतेक बिंदूंचे गणित एकमेकांवर अवलंबून नसते. असे काम हजारो लहान गणन-घटकांमध्ये वाटून देता येते. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू, याच तत्त्वावर चालतो. जीपीयू, त्याची स्वतःची स्मृती, वीजपुरवठा नियंत्रित करणारे भाग आणि थंड ठेवणारे पंखे एकाच पाटीवर बसविले की ग्राफिक्स कार्ड तयार होते.

१९९६ साली आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डामुळे घरगुती संगणकावर वेगवान त्रिमितीय खेळ शक्य झाले. १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणले आणि 'जीपीयू' ही संज्ञा रूढ केली. रेडियन कार्डे बनविणारी एटीआय ही कंपनी २००६ साली एएमडीने विकत घेतली. इंटेलने २०२२ मध्ये आर्क नावाची कार्डमालिका आणली. सध्या खेळांसाठीच्या कार्डांची बाजारपेठ मुख्यतः या तीन कंपन्यांच्या जीपीयूंवर चालते.

महाराष्ट्रात पुणे येथे एनव्हिडियाचे विकासकेंद्र आहे. पुण्यातीलच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथांवर आधारित खेळ २०२० साली संगणकासह इतर खेळयंत्रांवर प्रकाशित झाला.

रिझोल्यूशन

पडद्यावरील सर्वांत लहान रंगबिंदूला पिक्सेल म्हणतात. आडव्या ओळीतील पिक्सेलची संख्या आणि उभ्या रांगेतील पिक्सेलची संख्या मिळून रिझोल्यूशन सांगितले जाते. प्रचलित रिझोल्यूशने, त्यांतील एकूण पिक्सेल आणि १०८०पी या रिझोल्यूशनशी त्यांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे :

- १३६६ × ७६८ (जुने लहान मॉनिटर व लॅपटॉप) : सुमारे १०.५ लाख पिक्सेल, ०.५१ पट
- १९२० × १०८० (१०८०पी किंवा फुल एचडी) : सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १ पट
- २५६० × १४४० (१४४०पी) : सुमारे ३६.९ लाख पिक्सेल, १.७८ पट
- ३४४० × १४४० (रुंद पडदा) : सुमारे ४९.५ लाख पिक्सेल, २.३९ पट
- ३८४० × २१६० (फोर-के) : सुमारे ८२.९ लाख पिक्सेल, ४ पट

लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते, या शालेय भूमितीतील नियमाचाच हा परिणाम आहे. १०८०पीच्या तुलनेत फोर-के 'दुप्पट' वाटत असले, तरी कार्डाला रंगवावे लागणारे पिक्सेल चौपट होतात. प्रत्यक्षात खेळाची गती बरोबर चौथाईवर येतेच असे नाही. कारण वस्तूंचे आकार मांडणे, हालचालींचे गणित करणे अशी काही कामे रिझोल्यूशनवर अवलंबून नसतात. तरीही घट मोठी असते, आणि १०८०पीवर सहज चालणारा खेळ त्याच कार्डावर फोर-के पडद्यावर अडखळणे ही सामान्य बाब आहे.

एलसीडी मॉनिटरचे एक ठरावीक मूळ रिझोल्यूशन असते. त्यापेक्षा कमी रिझोल्यूशनचे चित्र दाखविताना मॉनिटरला ते ताणून बसवावे लागते. फोर-के पडद्यावर १०८०पीचा एक बिंदू नेमक्या चार बिंदूंच्या चौकोनात बसू शकतो. १४४०पी पडद्यावर मात्र हे प्रमाण १.३३ असे अपूर्णांकात येते आणि अक्षरांच्या व वस्तूंच्या कडा पुसट दिसतात. म्हणून 'मॉनिटर मोठा घेऊ, खेळ कमी रिझोल्यूशनवर खेळू' हा मार्ग दिसतो तितका बिनखर्ची नसतो.

फ्रेम दर आणि रिफ्रेश रेट

चित्रपटाप्रमाणेच खेळातील हालचालही एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांनी बनते. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. कार्ड एका सेकंदात जितक्या फ्रेम तयार करते तो फ्रेम दर, आणि मॉनिटर एका सेकंदात जितक्या वेळा आपले चित्र बदलू शकतो तो त्याचा रिफ्रेश रेट. रिफ्रेश रेट हर्ट्झ या एककात मोजतात.

सेकंदाला ३० फ्रेम असल्यास प्रत्येक फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात; ६० असल्यास १६.७ मिलिसेकंद आणि १४४ असल्यास अवघे ६.९ मिलिसेकंद. कथाप्रधान खेळांसाठी ६० फ्रेम उत्तम मानल्या जातात. नेमबाजीच्या आणि स्पर्धात्मक खेळांत खेळाडू १४४ किंवा त्याहून अधिक फ्रेम पसंत करतात, कारण हाताची हालचाल आणि पडद्यावरील परिणाम यांतील अंतर कमी होते.

रिझोल्यूशन आणि फ्रेम दर यांचा गुणाकार केला म्हणजे कार्डाच्या कामाचा ढोबळ अंदाज येतो. १०८०पीवर सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. फोर-केवर ६० फ्रेम म्हणजे सुमारे ४९ कोटी ७७ लाख पिक्सेल, आणि १०८०पीवर २४० फ्रेम म्हणजेही तितकेच. रेखीवपणा आणि गती या दोन्ही गोष्टी एकाच भांडवलातून खर्च होतात, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

सरासरी फ्रेम दरापेक्षा त्याची स्थिरता अधिक महत्त्वाची असते. सरासरी ८० फ्रेम असूनही अधूनमधून २० पर्यंत घसरण होत असेल, तर खेळ सलग ६० फ्रेमच्या खेळापेक्षा अधिक खटकतो. फ्रेम दर आणि रिफ्रेश रेट जुळत नसल्यास चित्र मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसते. हा दोष टाळण्यासाठी मॉनिटरने कार्डाच्या गतीनुसार आपली गती बदलण्याचे तंत्र वापरतात. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक आणि एएमडीने त्यानंतर फ्रीसिंक या नावांनी ते आणले. मध्यम क्षमतेचे कार्ड घेणाऱ्यांना या सोयीचा विशेष लाभ होतो.

ग्राफिक्स कार्डाचे घटक

स्मृती

कार्डावरील स्मृतीला व्हीरॅम म्हणतात. तिच्यात खेळातील पृष्ठभागांची चित्रे, सावल्यांची माहिती आणि तयार होत असलेल्या फ्रेम साठविल्या जातात. फोर-केची एक साधी फ्रेम सुमारे ३३ एमबी जागा घेते, म्हणजे स्मृतीचा मोठा वाटा फ्रेमसाठी नव्हे, तर भिंती, कपडे, झाडे यांच्या पृष्ठचित्रांसाठी लागतो. स्मृती अपुरी पडली की कार्डाला संगणकाच्या मुख्य स्मृतीतून माहिती मागवावी लागते आणि खेळ एकाएकी थबकतो. १०८०पीसाठी सध्या ८ जीबी हे व्यवहार्य प्रमाण मानले जाते; १४४०पीसाठी १२ जीबी आणि फोर-केसाठी १६ जीबी असल्यास अडचणी कमी येतात.

स्मृतीचे प्रमाण हे कार्डाच्या वेगाचे माप नव्हे. दुबळ्या जीपीयूला अधिक स्मृती जोडल्याने तो बलवान होत नाही. स्मृतीचा प्रकार आणि तिच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा वेग यांनाही तितकेच महत्त्व आहे. जीटी १०३० हे याचे ठळक उदाहरण होय. २०१७ साली हे कार्ड जीडीडीआर५ स्मृतीसह आले. पुढील वर्षी त्याच नावाने डीडीआर४ स्मृती असलेली आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीत स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता, दुसरीत तो सुमारे १७ जीबी इतकाच होता. खोक्यावरील नाव सारखे, पण खेळांतील कामगिरीत मोठी तफावत, असा हा प्रकार होता.

नावांतील आकडे

एनव्हिडियाच्या चालू नामपद्धतीत पहिले दोन अंक पिढी आणि शेवटचे दोन अंक त्या पिढीतील श्रेणी दर्शवितात. आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० ही एकाच श्रेणीची, पण वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डे आहेत. मोठा आकडा म्हणजे वेगवान कार्ड असे मात्र नेहमीच नसते. नव्या पिढीचे खालच्या श्रेणीतील कार्ड जुन्या पिढीच्या वरच्या श्रेणीतील कार्डापेक्षा मंद असू शकते. शिवाय एकाच नावाची कार्डे कमी-अधिक स्मृतीसह विकली जातात. म्हणून बिलावर केवळ 'आरटीएक्स' किंवा 'रेडियन' असे न लिहिता पूर्ण नाव, स्मृतीचे प्रमाण आणि अनुक्रमांक लिहून घेणे हिताचे असते.

वीज आणि जागा

मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीतून, स्वतंत्र तार द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट आणि आठ पिनांची जोडणी १५० वॅट पुरवते. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट, आरटीएक्स ३०६० हे १७० वॅट, तर आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅट इतकी वीज वापरते.

कार्यालयांतून निवृत्त झालेले, डागडुजी करून विकले जाणारे संगणक विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहेत. अशा संगणकांत बहुधा कमी क्षमतेचा एसएमपीएस असतो आणि त्याला कार्डासाठीची तार नसते. काहींची पेटी इतकी अरुंद असते की पूर्ण उंचीचे कार्ड तिच्यात बसतच नाही. अशा वेळी ७५ वॅटच्या आतील आणि कमी उंचीचे कार्डच उपयोगी पडते. जुन्या मदरबोर्डवर आणखी एक अडचण संभवते. रेडियन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड माहितीच्या चारच मार्गिका वापरते. नव्या संगणकात ते पुरेसे ठरते, परंतु जुन्या पिढीच्या खाचेत प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा असल्याने त्याची कामगिरी घसरते.

प्रोसेसरची मर्यादा

फ्रेम तयार होण्यापूर्वी कोणती वस्तू कोठे आहे, कोणते पात्र काय करीत आहे, याचा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो आणि मगच कार्डाला काम देतो. प्रोसेसर सेकंदाला ७० फ्रेमचाच हिशेब करू शकत असेल, तर कितीही महाग कार्ड लावले तरी ७० हून अधिक फ्रेम मिळणार नाहीत.

मर्यादा कोठे आहे हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेम दर लक्षणीय वाढला, तर मर्यादा कार्डाची होती; तो जवळपास तेवढाच राहिला, तर मर्यादा प्रोसेसरची आहे आणि नवे कार्ड घेऊन उपयोग होणार नाही. ही कसोटी विनाखर्च आहे, आणि ती केल्याशिवाय कार्ड बदलण्याचा निर्णय घेणे योग्य नव्हे. याच कारणाने जुना प्रोसेसर असलेल्या संगणकात नवे कार्ड बसविल्यास रिझोल्यूशन वाढविण्याचा लाभ मिळतो, पण फ्रेम दर वाढविण्याचा लाभ मर्यादित राहतो.

खेळाचा प्रकार

सर्व खेळांची गरज सारखी नसते. २०२० साली आलेल्या व्हॅलोरंट या स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळासाठी निर्मात्यांनी सेकंदाला ६० फ्रेमकरिता जीटी ७३० आणि १४४ फ्रेमकरिता जीटीएक्स १०५० टीआय या साध्या कार्डांची शिफारस केली होती. त्याच वर्षी आलेल्या सायबरपंक २०७७ या खेळासाठी २०२३ मधील सुधारित निकषांनुसार १०८०पीवर उच्च सेटिंग आणि ६० फ्रेमकरिता आरटीएक्स २०६० सुपर हे कार्ड सुचविले गेले. किरण-अनुरेखन, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने शोधून सावल्या व प्रतिबिंबे दाखविण्याचे तंत्र, सुरू केल्यास ही गरज आणखी वाढते. सर्वसामान्य खरेदीदारांसाठी या तंत्राला अनुकूल असे गणन-घटक आरटीएक्स २० या मालिकेपासून, म्हणजे २०१८ पासून, कार्डांत येऊ लागले.

यावरून असे दिसते की स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याने १०८०पी आणि अधिक रिफ्रेश रेटचा मॉनिटर निवडावा आणि उरलेली रक्कम प्रोसेसरवर खर्च करावी. तर दृश्यप्रधान खेळ आवडणाऱ्याने १४४०पी मॉनिटर आणि अधिक स्मृतीचे कार्ड यांना प्राधान्य द्यावे.

रिझोल्यूशन वाढविणारी सॉफ्टवेअर तंत्रे

अलीकडील खेळांत चित्र कमी रिझोल्यूशनवर तयार करून ते गणिती पद्धतीने मोठे करण्याची सोय असते. एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही या प्रकारची तंत्रे आहेत. डीएलएसएसच्या 'क्वालिटी' पर्यायात फोर-के चित्रासाठी प्रत्यक्षात २५६० × १४४० इतकेच पिक्सेल रंगविले जातात. 'परफॉर्मन्स' पर्यायात १९२० × १०८०. त्यामुळे कार्डावरील भार पुष्कळ हलका होतो.

या तंत्रांना मर्यादा आहेत. मूळ चित्रात पुरेसे बिंदू असतील तरच त्यापासून चांगले मोठे चित्र तयार होते. १०८०पी पडद्यावर 'परफॉर्मन्स' पर्याय वापरल्यास मूळ चित्र अवघे ९६० × ५४० इतके राहते आणि बारीक तपशील हरवतात. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये गणिताने तयार केलेली फ्रेम घालण्याचे तंत्रही २०२२ पासून उपलब्ध झाले आहे. त्याने हालचाल अधिक सलग दिसते, पण कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. जाहिरातींतील फ्रेम दर अशा मधल्या फ्रेम धरून सांगितला आहे का, हे तपासणे आवश्यक असते.

मॉनिटरचा आकार, अंतर आणि जोडणी

चित्राचा रेखीवपणा केवळ एकूण पिक्सेलवर नव्हे, तर एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर ठरतो. २४ इंची १०८०पी मॉनिटरमध्ये हे प्रमाण सुमारे ९२ असते. २७ इंची १०८०पीमध्ये ते सुमारे ८२ पर्यंत उतरते आणि बिंदू डोळ्यांना जाणवू लागतात. २७ इंची १४४०पीमध्ये ते सुमारे १०९, तर २७ इंची फोर-केमध्ये सुमारे १६३ असते. निर्दोष दृष्टीचा माणूस ६० सेंटिमीटर अंतरावरून एका इंचातील साधारण १४५ बिंदू वेगळे ओळखू शकतो. त्यापलीकडील रेखीवपणाचा डोळ्यांना फारसा लाभ होत नाही. कार्डाला मात्र त्याचे काम करावेच लागते.

बहुतेक घरांत खेळासाठीचा संगणक अभ्यासासाठीही वापरला जातो. देवनागरी लिपीत रफार, अनुस्वार, मात्रा आणि जोडाक्षरांतील बारीक रेषा असल्याने इंचातील पिक्सेल वाढल्यास मजकूर अधिक सुवाच्य होतो. दिवसाचे अनेक तास पडद्यावर मराठी वाचन-लेखन करणाऱ्यांसाठी २७ इंची १४४०पी मॉनिटरच्या बाजूने हे एक वजनदार कारण आहे.

जोडणीची तारही महत्त्वाची असते. एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलता येते, २.० वर ६० वेळा आणि २.१ वर १२० वेळा. नव्या कार्डांना जुनी व्हीजीए जोडणी नसते, त्यामुळे जुन्या मॉनिटरसाठी रूपांतरक घ्यावा लागतो. मॉनिटरची तार कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडणे ही नवख्यांकडून वारंवार होणारी चूक आहे. तसेच १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो दर स्वतः निवडावा लागतो, अन्यथा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालत राहू शकतो.

वऱ्हाडातील परिस्थिती

उष्णता

कार्ड वापरते ती जवळपास सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता पंख्यांद्वारे खोलीतील हवेत सोडली जाते. त्यामुळे कार्ड खोलीच्या तापमानापेक्षा थंड कधीच राहू शकत नाही. एखादे कार्ड २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत ७० अंशांवर स्थिरावत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत, पंख्यांचा वेग तेवढाच असल्यास, ते साधारण ८५ अंशांपर्यंत जाईल. बहुतेक कार्डे ८३ ते ९० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आपोआप कमी करतात. याचा अर्थ असा की पुण्यात किंवा परदेशात केलेल्या चाचणीत दिसलेला फ्रेम दर मे महिन्यात अकोल्यात मिळेलच असे नाही.

अकोला आणि अमरावती येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवलाचे नाही. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. अशा दिवसांत दुपारी बंद खोलीत ३०० वॅटचा संगणक चालविणे म्हणजे लहान शेगडी पेटवून ठेवण्यासारखेच आहे.

यावर खर्चिक उपाय करण्यापूर्वी काही साधे उपाय शक्य असतात. फ्रेम दराला ६० किंवा मॉनिटरच्या दराइतकी मर्यादा घातल्यास कार्ड अनावश्यक काम करीत नाही. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७५ ते ८० टक्क्यांवर आणल्यास उष्णता बरीच घटते, आणि वेगातील घट त्या प्रमाणात होत नाही. पेटीला पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे किमान दोन पंखे असावेत. कमी विजेत तेवढीच कामगिरी देणारे कार्ड थोडे महाग असले, तरी या हवामानात ते शेवटी परवडते.

कूलर, धूळ आणि खारे पाणी

वऱ्हाडात पाण्याचे कूलर घरोघरी आढळतात. कोरड्या उन्हाळ्यात ते खोलीचे तापमान चांगलेच उतरवतात आणि त्याचा कार्डालाही फायदा होतो. मात्र कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवणे धोक्याचे असते. हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात आणि ते सुकल्यावर पाण्यातील क्षार मागे उरतात.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक असते. अशा पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या गवतावर किंवा जाळीवर पांढरा थर साचतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तसाच पातळ थर कार्डाच्या पाटीवर बसला, तर पावसाळ्यातील दमट हवेत तो ओलावा शोषतो. त्यामुळे धातूच्या जोडण्या गंजणे किंवा विद्युतगळती होणे संभवते. म्हणून संगणक झोताच्या बाजूला ठेवणे, खोलीतील हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी ठेवणे आणि शक्य असल्यास कूलरमध्ये कमी क्षारांचे पाणी वापरणे इष्ट ठरते.

काळ्या मातीची बारीक धूळ कार्डाच्या पंख्यांत आणि धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये अडकते. उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ती साफ करावी. साफ करताना वीज बंद असावी आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जोरदार हवेने पंखा प्रमाणाबाहेर फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

वीजपुरवठा

खेळ चालू असताना वीज गेल्यास माहिती नष्ट होण्याची आणि क्वचित यंत्र बिघडण्याचीही भीती असते. घरगुती वापराचा ६०० व्हीए यूपीएस साधारणतः ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. मॉनिटर, प्रोसेसर आणि २०० वॅटचे कार्ड मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. तसे झाल्यास वीज जाताच यूपीएसही बंद पडतो. म्हणून कार्ड निवडतानाच यूपीएसची क्षमता वॅटमध्ये पाहावी, व्हीएमध्ये नव्हे. घराच्या विजेचे अर्थिंग तपासून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

एसएमपीएसवर काटकसर करणे घातक ठरते. निकृष्ट पेटीवर छापलेले वॅट ती प्रत्यक्षात देऊ शकत नाही, आणि बिघडल्यास ती आपल्यासोबत कार्डही निकामी करू शकते. आरटीएक्स ४०६० साठी निर्मात्याने किमान ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे. '८० प्लस' हे चिन्ह विजेचा अपव्यय किती कमी होतो हे सांगते. टिकाऊपणाची ती हमी नव्हे.

विजेच्या बिलाचाही विचार करावा. ३०० वॅटचा संगणक रोज ३ तास चालल्यास महिन्याला २७ युनिट वीज लागते. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटनंतर पुढील टप्प्याचा अधिक दर लागू होतो. त्यामुळे ज्या घराचा वापर या सीमेजवळ आहे, तेथे ही वाढ वरच्या दराने मोजली जाते.

खरेदी

अमरावती आणि अकोला येथील दुकानांत मध्यम श्रेणीची कार्डे मिळतात. निवडक कार्डांसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजाराकडे अथवा ऑनलाइन विक्रेत्यांकडे वळावे लागते. किंमतीतील थोड्या फरकापेक्षा हमीकाळातील दुरुस्तीची सोय महत्त्वाची असते. कार्ड बिघडल्यास ते कोठे पाठवावे लागेल आणि तो खर्च कोण सोसेल, हे आधी विचारून घ्यावे. ग्राफिक्स कार्डांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जानेवारी २०१९ पासून १८ टक्के कर होता. त्याहून मोठ्या मॉनिटरवरील २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के करण्यात आला.

२०२० ते २०२२ या काळात आभासी चलनाच्या खाणकामामुळे आणि जागतिक तुटवड्यामुळे कार्डांच्या किमती प्रचंड वाढल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने कार्डांवरील खाणकामाची पद्धत सोडली आणि अहोरात्र वापरलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घेताना ते प्रत्यक्ष संगणकात लावून किमान अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे. पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येणे, पंख्याचा खरखराट होणे, तापमान झपाट्याने वाढणे ही बिघाडाची लक्षणे होत. नावात फेरफार केलेली बनावट कार्डेही आढळतात. जीपीयू-झेड या विनामूल्य सॉफ्टवेअरने जीपीयूचा खरा प्रकार आणि स्मृती तपासता येते.

निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा पुढील क्रम सोयीचा ठरतो :

१. कोणते खेळ खेळायचे आणि संगणकाचा इतर उपयोग कोणता, हे ठरवावे.
२. त्यानुसार मॉनिटरचा आकार, रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट निश्चित करावा.
३. प्रोसेसर, पेटीतील जागा आणि एसएमपीएसची क्षमता तपासावी.
४. त्या रिझोल्यूशनला पुरेल एवढ्याच क्षमतेचे आणि स्मृतीचे कार्ड निवडावे.
५. एकूण रकमेतील काही भाग एसएमपीएस, यूपीएस आणि पेटीतील पंख्यांसाठी राखून ठेवावा.

बेताच्या रकमेत २४ इंची १०८०पी मॉनिटर आणि ८ जीबी स्मृतीचे मध्यम कार्ड ही जोडी आजही सर्वांत समतोल मानली जाते. १४४०पी हा रेखीवपणा आणि गती यांतील सुवर्णमध्य आहे. मात्र त्यासाठी कार्डाबरोबर वीज आणि वायुवीजन यांचाही खर्च वाढतो. फोर-केवर खेळण्यासाठी लागणारी बलवान कार्डे वऱ्हाडातील उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीशिवाय पूर्ण क्षमतेने चालविणे अवघड असते. रिझोल्यूशन ठरविताना घराची वायरिंग आणि खोलीतील हवा यांचाही हिशेब धरला, तर कार्डावर खर्च केलेली रक्कम बाराही महिने उपयोगी पडते.

हेही पाहा

- ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट
- पिक्सेल
- संगणक मॉनिटर
- व्हिडिओ गेम
- खारपाणपट्टा